शाळेतल्या टाकीचा ढाळ

विलास गेल्याचं मला फोटोवरून कळलं. मंडळाच्या ग्रुपवर सकाळी साडेनऊच्या सुमाराला त्याचा फोटो आला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मी कॉटन ग्रीनच्या गोदामात, माझ्या वर्कशॉपमध्ये, एका दुकानाची कमान रंगवत होतो. आधी वाटलं, वाढदिवस असेल. मग वाचलं. रात्री छातीत दुखलं, परळच्या इस्पितळात नेलं, पहाटे संपलं. फोटो कुठल्या तरी विसर्जनाच्या दिवसाचा होता, दोघांच्या फोटोतून त्याच्यापुरता कापलेला. कापणाऱ्याने घाई केली असावी, कारण विलासच्या डाव्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. ती माझी बोटं. खरं सांगतो, मला रडू आलं नाही. पन्नास वर्षांपासूनचा मित्र गेल्यावर माणसाला काय काय आठवायला हवं... मला आठवली ती आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या खोलीतली आठ फुटी टाकी. त्या टाकीबद्दल मला विलासला एक गोष्ट सांगायची होती. सहा वर्षं सांगायची होती. उद्या सांगू, सणानंतर सांगू, निवांत भेटू तेव्हा सांगू, असं करत करत मी ती आता त्याला सांगताच येणार नाही अशा जागी आणून ठेवली होती.

आम्ही लालबागच्या एकाच चाळीतले. विलास घाडीगावकर तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या, बरोबर त्यांच्या मोरीच्या खाली. त्यामुळे आमच्या छताला बारा महिने ओल, आणि माझी आई पोळ्या लाटता लाटता वर बघून समस्त घाडीगावकरांचा उद्धार करायची. विलासला त्याचं फार लागायचं. पाचवी-सहावीत असताना त्याने एकदा मोरीत तांब्याभर पाणी ओतलं, उकिडवा बसून ते कसं जातं ते बघत राहिला, आणि खाली येऊन आईला म्हणाला, "काकी, आमच्या मोरीचा कोपरा बसलाय. पाणी जाळीकडे जायच्या आधी तिथे थांबतं. मी बाबांना सांगून भरून घेतो." बाबा गिरणीतून दमून आलेले, त्यांनी सिमेंटची पिशवी आणून दिली एवढंच. कोपरा विलासनेच भरला. आमचं छत वाळलं, आणि आईच्या तोंडचा घाडीगावकरांचा उद्धार थांबून "विलासला बोलवा रे चहाला" सुरू झालं.

शाळेत मात्र त्याचं काही जमलं नाही. दहावीला गणितात आणि इंग्रजीत उडाला, ऑक्टोबरला परत बसला, परत उडाला. गणिताचे सर भर वर्गात म्हणाले होते, "घाडीगावकर, तुझ्या डोक्यात काही ठरतच नाही रे, सगळं वाहून जातं." हा किस्सा विलास स्वतःच रंगवून सांगायचा आणि वर म्हणायचा, "सर बरोबर बोलले. तेव्हापासूनच ढाळ पक्का आहे आपला." आम्ही हसायचो. तो हसायचा तेव्हा त्याची मान किंचित खाली जायची, हे मला आत्ता, लिहिताना आठवतंय. नंतर तो एका प्लंबिंगच्या मिस्त्रीच्या हाताखाली लागला, मग स्वतः मिस्त्री झाला, आणि गच्च्या, मोऱ्या, पाण्याच्या टाक्या यांतलं लालबाग-परळमधलं मोठं नाव झाला. चिंचपोकळीपासून माटुंग्यापर्यंत कुठल्याही जुन्या इमारतीची गच्ची गळू लागली की लोक म्हणायचे, घाडीला दाखवा. तो गच्चीवर जायचा, बूट काढायचा आणि अनवाणी फिरायचा. उतार पायाला कळतो म्हणायचा. आम्हाला ते थोतांड वाटायचं, पण तो बोट दाखवेल तिथे खरंच पाणी साचलेलं असायचं.

माझी वाट वेगळी. मी चित्रकलेचा कोर्स अर्ध्यावर सोडून सजावटीत शिरलो. आमच्या मंडळाचा गणपतीचा देखावा मी करायचो, आणि देखाव्यात पाणी असलं की ते विलासचं. एका वर्षी आम्ही मंडपात सोळा फुटी धबधबा पाडला होता. बघायला आलेली माणसं मला नावाजत होती आणि विलास मंडपाच्या मागे पंपाशेजारी पिंपावर बसून पाव खात होता. त्याला त्याचं काही नसायचं. म्हणायचा, "तुझं काम लोकांना दिसतंय म्हणजे माझं बरोबर चाललंय." मीही त्याला चिडवायचो की तू नसलास तरी धबधबा पडेल, फक्त लोकांच्या चपलांवर पडेल. पण आमच्या दोघांच्या कामात एक फरक होता आणि तो मला कधी कळला नाही. देखावा अकरा दिवस उभा राहिला की झालं. बाराव्या दिवशी सगळं मोडून टेम्पोत. मागची बाजू कशी आहे, आत काय भरलंय, याला महत्त्व नाही. पीओपीचं, म्हणजे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचं काम झालं की घमेलं जिथे भोक दिसेल तिथे धुऊन टाकायचं. चाळीस वर्षं मी असंच काम केलं, आणि माझं कुठे काही बिघडलं नाही, कारण बिघडायच्या आत सगळं मोडलेलं असायचं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या साळवी बाई माझ्याकडे आल्या. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने आपलं पाळलेलं परदेशी जातीचं कासव, नोंदणीच्या सगळ्या कागदांसकट, शाळेला द्यायचं कबूल केलं होतं. जेवणाच्या ताटलीएवढं, पायांवर लाल ठिपके असलेलं. बाईंना त्याच्यासाठी खोलीच्या भिंतीलगत झाडं लावलेलं, पुढून काच असलेलं घर हवं होतं. बाईंना मी म्हटलं, झाडं आणि डोंगर मी करतो, पण पाण्याचं बघायला आपल्याच शाळेचा माणूस आहे. विलासला सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग विचारलं, "बाईंना माहीत आहे ना, मी कोण ते?" मी म्हटलं, "कोण म्हणजे? मिस्त्री." तो म्हणाला, "तसं नाय रे... नापास झालेला." पहिल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आणि बूट पॉलिश करून आला. कामाला असा आलेला मी त्याला आयुष्यात एकदाच पाहिला.

त्याने आधी कासवाची चौकशी केली. ते कुठून येतं, काय खातं, पाण्यात बसतं का, चालताना पोट घासतं का. बाई उत्साहाने सांगत होत्या की हे दमट रानातलं जनावर आहे, त्याला हवेत ओलावा लागतो, रोज फवारा मारावा लागेल, पण पायाखाली चिखल झाला आणि पोट सतत ओलं राहिलं तर खालचं कवच सडतं. विलासने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे वरून पाऊस आणि खाली सुकं. हे गच्चीचंच काम झालं बाई. फक्त आपला भाडेकरू गच्चीवर राहणार." बाई खूप हसल्या. विलासच्या विनोदाला शाळेत कोणी हसण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

टाकी आठ फूट लांब, चार फूट रुंद. तिच्या तळाला विलासने एका कोपऱ्याकडे ढाळ, म्हणजे पाण्याला उतार, दिला, कोपऱ्यात जाळी बसवली, आणि जाळीखालून पाइप भिंतीतून बाहेर पॅसेजच्या गटारात काढला. मग जाळीला बोळा कोंबून त्याने टाकी वीतभर पाण्याने भरली आणि सात दिवस तशीच ठेवली. गच्चीला करतात तसं. मी वैतागलो, कारण माझं काम अडलं होतं. तो म्हणाला, "सुध्या, पाण्याक वाट करून दिलंस नाय, तर ता आपली वाट आपणच काढता. मग रडायचा नाय." रोज संध्याकाळी कामावरून परत जाताना तो शाळेत डोकवायचा आणि पेन्सिलच्या खुणेशी पाणी लावून बघायचा. सात दिवसांनी बोळा काढला. पाणी गेल्यावर त्याने मला आत वाकवून तळावर हात फिरवायला लावला. कुठेही साधा ओघळ नव्हता. मग त्याने खाली विटांचे तुकडे आणि खडी पसरली, त्यावर शेडनेट घातली, म्हणजे माती खाली उतरून जाळी बुजवणार नाही, आणि त्यावर माती, नारळाचा भुसा आणि सुका पाला. वर टाकलेलं पाणी मातीतून झिरपून खडीत उतरणार आणि खडीतून जाळीकडे जाणार. आम्ही नेचे लावले, गवत लावलं, कासवाला खायला दोन जास्वंदी लावल्या.

शेवटी विलासने जाळीच्या कोपऱ्यात एक पांढरा पीव्हीसी पाइप उभा केला. खाली खडीत टेकलेला, वर मातीबाहेर वीतभर आलेला, तोंडाला झाकण. "हे टाकीचं नाक," तो बाईंना म्हणाला. "महिन्यातून एकदा झाकण काढायचं, काठी आत घालून बघायची. ओली आली तर पाणी अडलंय. आणि काठी नसली तर नुसता वास घ्या. पाणी अडलं की आधी वास सांगतो. काही अडकलं तर इथूनच पाणी सोडून साफ करता येईल." बाईंनी वहीत लिहून घेतलं. एवढं करून तो चार दिवसांसाठी गावी गेला, त्याच्या आतेभावाच्या घरी कार्य होतं. जाताना मला म्हणाला, "आता तुझं राज्य."

आणि मी राज्य केलं. माझ्या हिरव्यागार जंगलाच्या मधोमध तो पांढरा पाइप मला बघवेना. मी त्यावर पीओपीचा दगड रचला. आत तारेची जाळी, काथ्या, वर पीओपीचा थर, वर रंग, शेवाळ. बाईंना मुलांसाठी छोटासा धबधबा हवा होता, तोही त्याच दगडावरून सोडला. काम सुरेख झालं होतं, हे मी आजही म्हणेन. आणि दगड बांधून होत आला तेव्हा, शेवटचं तोंड बुजवायच्या आधी, घमेल्यात उरलेला पातळ पीओपी मी त्या कोपऱ्यातच, दगडासाठी माती सारून उघडी पडलेल्या खडीवर, धुतला. मुद्दाम नाही केलं. हाताला सवय. कोपरा दिसला, खाली जाळी आहे हे माहीत होतं, पाणी जातंय म्हटल्यावर जाईल, एवढाच विचार, आणि खरं तर तेवढाही नाही. विलास गावाहून आला, टाकीसमोर उभा राहिला आणि हसला. "नाक दाबलंस होय रे? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे कुठलं तोंड उघडेल ते बघ." मग गंभीर होऊन विचारलं, "सुटा ठेवलायस ना दगड? उचलता येतो ना?" मी म्हटलं, "हो रे." दगड तळाला आणि भिंतीला पक्का केलेला होता.

पहिले चार-पाच महिने कौतुकाचे गेले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, पालक बघायला यायचे, कासवाला मुलांनी नाव ठेवलं होतं, ते नाव घेऊन हाक मारली की ते म्हणे वळून बघायचं. मला तसं कधी दिसलं नाही. मग साळवी बाईंचा फोन आला, टाकीला वास येतोय. आठवड्याने परत फोन आला. कासव खात नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्याला उलटं करून पाहिलं तर पोटाचं कवच मऊ पडलेलं, पांढुरके चट्टे, एका जागी बोट दाबलं तर पाणी सुटत होतं. माती वरून ठीक दिसत होती, पण खाली हात घातला की मनगटापर्यंत काळा चिखल. कासव उपचारासाठी मालकाकडे परत गेलं, आणि शाळेने आम्हा दोघांना बोलावलं.

त्या दुपारी टाकीभोवती मुख्याध्यापक होते, साळवी बाई होत्या, संस्थेचे दोन पदाधिकारी होते. दुसऱ्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं, खोलीत तक्ते लागले होते, पालक येणार होते. विलासने बाहेरच्या पाइपमधून लांब तार आत घातली. तार हातभर गेली आणि टणकन थांबली. त्याने ती बाहेर काढली, टोकाकडे पाहिलं, बोटाने पुसलं. "ढाळ ठीक आहे सर," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "जाळीवर काहीतरी घट्ट बसलंय. हा दगड काढायला लागेल. तासाभराचं काम आहे." तारेच्या टोकाला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी ते पाहिलं आणि मला घमेलं आठवलं. तिथल्या तिथे, लख्ख आठवलं. आठवलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. पण दगड काढायला गेलो असतो तर तो सुटा नव्हता हे निघालं असतं, मग आतलं निघालं असतं, उद्या पालकांसमोर माझ्या जंगलाच्या जागी खड्डा असता, आणि त्यातल्या एका पदाधिकाऱ्याने शाळेच्या स्टेजचं काम माझ्याकडे द्यायचं बोलून ठेवलं होतं... मी म्हटलं, "दगड काढायची गरज नाही सर. ढाळच थोडा कमी पडला असेल."

विलासने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नळ उघडताना आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं की तो हात थांबवून कान द्यायचा, तसा थांबला. मग म्हणाला, "असेल." आणि तार गुंडाळायला लागला. पदाधिकाऱ्यांपैकी एक, आमच्याच वर्गातला, हसून म्हणाला, "गणित तेव्हापासूनच कच्चं, काय घाडीगावकर?" सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच आहे, आणि ते फार नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. दुसऱ्याने जीव ओतून सरळ केलेलं अंगण मी चारचौघांत वाकडं ठरवलं.

टाकी मग तशीच पडली. वरची माती काढून टाकली, खडी राहिली, दगड निघेना म्हणून राहिला, आणि जुने तक्ते ठेवायला त्या जागेचा उपयोग होऊ लागला. कासव मालकाकडे बरं झालं. आमच्या भागात गोष्टी पसरायला वेळ लागत नाही. मंडळात कोणाचा चहा सांडून टेबलावरून वाहिला की कोणीतरी म्हणायचं, "घाडीचा ढाळ आहे रे, जपून." एक-दोनदा मीही हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण हसलो. विलास हळूहळू मंडळात यायचा थांबला. पंप दुसऱ्या कोणाकडे गेला. रस्त्यात भेटला की "काय रे, बरं?" "बरं." एवढंच. तो बोलणं टाळायचा असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. टाळत मी होतो. समोरून तो येताना दिसला की मी पानाच्या गादीवर उगाच थांबायचो.

एक संधी मात्र त्याने स्वतःहून दिली होती. गेल्या वर्षी एका मित्राच्या मुलीच्या साखरपुड्याला दादरच्या हॉलमध्ये आम्ही पंगतीत शेजारी शेजारी आलो. जेवण संपत आलं होतं. तो मठ्ठ्याचा पेला हातात फिरवत होता. म्हणाला, "सुध्या, त्या कासवाचं काय झालं रे?" मी म्हटलं, "बरं झालं ते. मालकाकडे आहे अजून. चांगलं मोठं झालंय." तो म्हणाला, "बरं झालं." आणि पेला तसाच फिरवत राहिला. त्याने प्रश्न विचारला होता आणि त्याचं अर्धं उत्तर मिळालं होतं, उरलेल्या अर्ध्यासाठी तो थांबला होता. दोन-तीन मिनिटं तरी थांबला असेल. वाढप्याने विचारलं, भात देऊ का? मी भात घेतला. मला नको होता. विलास हात धुवायला उठला. त्यानंतर आम्ही बोललो ते फक्त "काय रे, बरं?" एवढंच.

त्याला पोचवून आलो, तेराव्याला जेवलो, आणि त्यानंतरच्या सोमवारी छिन्नी-हातोडा पिशवीत घालून शाळेत गेलो. साळवी बाई निवृत्त झाल्या आहेत. नव्या मुख्याध्यापिकांना मी सगळं सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण त्यांना विलास कोण आणि कासव कुठलं, हे काहीच माहीत नव्हतं. "टाकी तशीही पाडायचीच आहे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काही न्यायचं असेल तर न्या." शिंदे नावाचे शिपाई सोबत आले. तक्ते बाजूला केले. माझ्या दगडाचा रंग अजून टिकला होता. पहिला घाव घालताना हात कचरला, कलाकाराची खोड, दुसऱ्या घावाला तो फुटला. आत विलासचं ते पांढरं नाक, काथ्याने गच्च आवळलेलं. भोवतीची खडी हातांनी उपसली आणि तळाशी जाळी लागली. दिसत नव्हतीच. तिच्यावर तळहाताएवढी पांढरी, गोल चकती बसली होती. पेचकसाने कड उचलली तशी ती अख्खी सुटून वर आली. उलटी करून पाहिली. खालच्या बाजूला जाळीच्या प्रत्येक भोकाचा एकेक उंचवटा, ओळीने, साच्यातून काढल्यासारखा. आयुष्यात मी पीओपीचे हजार साचे काढले असतील. इतका स्वच्छ एकही निघाला नव्हता.

मी शिंद्यांना एक बादली पाणी आणायला सांगितलं. खडी सगळी बाजूला सारली आणि टाकीच्या पार लांबच्या कोपऱ्यात बादली रिकामी केली. पाणी घाई न करता निघालं, एका बाजूला ओढल्यासारखं सरळ जाळीकडे आलं आणि आत उतरलं. शिंदे पॅसेजमध्ये गेले होते, तिथून म्हणाले, "येतंय बाहेर. चांगली धार आहे." मी तळावर हात फिरवला. कुठेच काही साचलं नव्हतं. मग मी तिथेच, तक्त्यांच्या ढिगाला टेकून बसलो, आणि तेव्हा मला रडू आलं. शिंदे आत आले आणि पंखा लावून गेले.

ती चकती कागदात गुंडाळून मी परवा शुभांगी वहिनींकडे, विलासच्या बायकोकडे गेलो. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, त्यांचं घर चौदाव्या मजल्यावर. पुडकं उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. घमेलं, दगड, तारेचं टोक, मी काय बोललो ते, आणि त्या दिवशी कोण कोण उभं होतं. मध्ये त्यांनी एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "भावोजी, सहा वर्षं हे शाळेच्या रस्त्याने गेले नाहीत. बाजारात जायचं तरी मागच्या गल्लीतून वळसा घालून. मी विचारलं की म्हणायचे, तिकडे ऊन लागतं." मी मान खाली घातली. मी म्हटलं, "ही तुम्ही ठेवा वहिनी. त्याचं काम बरोबर होतं, त्याचा पुरावा आहे." त्यांनी चकती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि परत कागदात गुंडाळून माझ्याकडे सरकवली. "मला कशाला पुरावा? माझा कधी संशय होता? तुम्ही चारचौघांत बोललात ना, मग चारचौघांत सांगा." माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. मागायची ज्याच्याकडे होती तो पंगतीत शेजारी बसला होता, तेव्हा मी भात घेतला.

त्या दिवशी टाकीभोवती असलेल्यांपैकी एक जण परदेशात मुलाकडे असतो, एक अंथरुणाला खिळलाय, मुख्याध्यापकांचा आणि साळवी बाईंचा पत्ता मिळाला नाही. मंडळात हसणारे मात्र बरेचसे इथेच आहेत आणि रविवारची पुरवणी वाचतात. म्हणून हे इथे लिहिलं. लिहिताना चकती समोर टेबलावर आहे, उंचवट्यांची बाजू वर करून ठेवली आहे. शाळेतल्या टाकीचा ढाळ बरोबर होता. जाळी मी बुजवली.